बोगद्यापलीकडची निवडणूक

दोन हजार तीन साली आम्ही डेट्रॉइटजवळ ट्रॉयमध्ये राहत होतो. नवरा गाड्यांच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली बायको होते. नागपूरला मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं होतं. मतदारसंघ, जाहीरनामा, प्रतिनिधित्व हे सगळं फळ्यावर लिहून झालं होतं. इथे मला नोकरी करायला परवानगी नव्हती. सकाळी नवरा गेला की मी अपार्टमेंटमधून पार्किंग लॉटकडे बघत बसायची.

अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत एक दबकं वातावरण होतं. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, जमलो की जेवणाआधी बातम्या चालायच्या: कुणाला विमानतळावर अडवलं, कुणाचा प्रोजेक्ट संपला, कुणी सोफा आणि मायक्रोवेव्ह विकून घाईघाईनं परत गेलं. बायका मुलांना भरवता भरवता हे ऐकायच्या. नवऱ्याची नोकरी गेली की आपलं इथलं असणंच संपतं, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

विंडसरच्या काकू मला भेटल्या त्या डेट्रॉइटच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. विंडसर म्हणजे नदीपलीकडचं कॅनडातलं गाव. डेट्रॉइटमधून नदीखालच्या बोगद्यात गाडी घातली की पलीकडे दुसऱ्या देशात निघते. काकू मूळच्या सांगलीकडच्या. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे गेल्या, नवरा लवकर वारला, आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या कारखान्यात काम करून त्यांनी दोन मुली वाढवल्या. पुढे त्या कारखान्याच्या युनियनमध्येही होत्या. बुटक्या, जाड काचांचा चष्मा, आणि बोलताना समोरच्याचा हात धरायची सवय. मला त्या पहिल्याच भेटीत "काय गं, घरात बसून जीव गुदमरतो का?" असं विचारून मोकळ्या झाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्यांनी फक्त माझ्या ताटात आणखी एक मोदक वाढला.

त्या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला.

"मी उभी राहतेय," त्या म्हणाल्या. "स्कूल बोर्डाच्या, म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या समितीच्या निवडणुकीला. नोव्हेंबरात आहे."

"अरे वा, काकू."

"वा नंतर म्हण. शनिवारी येशील का? मुली कामावर असतात, आणि अनोळखी दारं एकटीनं वाजवायची म्हटलं की भीतीच वाटते बघ."

काकूंना कशाची भीती वाटते हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी हो म्हटलं. मग फोन ठेवला आणि कपाटातून आमचे पासपोर्ट काढून बघितले.

आमच्या दोघांच्या पासपोर्टातले अमेरिकेचे व्हिसा-स्टॅम्प संपलेले होते. राहायला अडचण नव्हती, नवऱ्याचा परवाना चालू होता. पासपोर्टला पिन मारलेलं एक पांढरं कार्ड होतं, त्याच्यावर कॅनडात थोडे दिवस जाऊन परत येता येत असे. नियम तसा होता. पण नियम असणं वेगळं आणि सरहद्दीवरच्या खिडकीतल्या ऑफिसरनं तो त्या दिवशी मान्य करणं वेगळं, असं सगळे म्हणायचे. नायगारा बघायला म्हणून काढलेला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा माझ्याकडे होता. म्हणजे जाणं सोपं होतं. भीती परत येण्याची होती.

"तुला काय पडलंय त्यांच्या निवडणुकीचं?" नवरा म्हणाला. तो ओरडणारा माणूस नव्हता. चिडला की त्याचा आवाज उलट खाली जायचा. "आपलं ग्रीन कार्डाचं काम चालू आहे. तुला परत आत घेतलं नाही तर काय करायचं? आणि आता तर..."

आता तर मला दिवस गेले होते. दुसरा महिना होता.

"संध्याकाळी परत येते," मी म्हटलं. "फक्त दोन-तीन शनिवार."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. जाऊ नको, असं तो म्हणाला नाही. गाडीत पेट्रोल मात्र शुक्रवारीच भरून ठेवलं.

मी नवीन ड्रायव्हर होते. त्या बोगद्यात दोन्ही बाजूंनी पिवळट टाइल्स होत्या, समोरून येणाऱ्या गाड्या अगदी अंगावरून जायच्या, आणि डोक्यावर अख्खी नदी आहे हा विचार जाता जात नव्हता. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरायची की पलीकडे पोचल्यावर बोटं सरळ करायला वेळ लागायचा.

काकूंच्या स्वयंपाकघरात पत्रकांचे गठ्ठे होते. पत्रकावर त्यांचा फोटो: साडी, वर स्वेटर. मुलींनी कोट घालायला सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. खाली त्यांच्या दोन मागण्या. बालवाडी पूर्ण दिवस करा, आणि शाळा सुटल्यावर पाच-सहा वाजेपर्यंत मुलांना शाळेतच सांभाळा.

"एवढ्यासाठी उभ्या राहिलात?" मी विचारलं.

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि बसल्या.

"धाकटी पाच वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "किंडरगार्टन अर्धा दिवस. दुपारी बस तिला घरासमोर सोडायची. सांभाळणारी बाई यायची, ती दार उघडायची. जानेवारीत एक दिवस त्या बाईला अपघात झाला. ती आलीच नाही. मी कारखान्यात. मशीनच्या आवाजात मला फोनसुद्धा कळला नसता. पोरगी बंद दाराशी उभी राहिली. शेजारी कुणी घरी नाही. हातमोजे बसमध्ये विसरलेली." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी आले तेव्हा ती पायरीवर बसली होती. रडत नव्हती. रडत नव्हती याचीच मला जास्त भीती वाटली."

धाकटी वाचली. गारठून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मात्र कायमची बधिर झाली.

"तेव्हा शाळेत जाऊन विचारलं, अर्धाच दिवस का? तर तिथल्या बाई म्हणाल्या, दुपारी आई असतेच ना घरी. बघ आता. आई घरी असणार असं धरूनच सगळ्या वेळा ठरवलेल्या. आणि आई घरी नसली तर तो आईचा दोष."

आम्ही निघालो. काकू एका हातात पत्रकं धरायच्या, दुसऱ्या हातानं बेल वाजवायच्या आणि दार उघडेपर्यंत माझी बाही पकडून ठेवायच्या. बहुतेक लोक सभ्य होते. पत्रक घ्यायचे, थँक्यू म्हणायचे, दार लावायचे. एका घरात तान्हं मूल खांद्यावर घेतलेली एक तरुण बाई भेटली. ती बँकेत होती. वर्षभराची बाळंतपणाची सुट्टी, पगाराचा काही भाग सरकारी विम्यातून, आणि नोकरी राखून ठेवलेली. हे तिनं हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. ट्रॉयमधली माझी शेजारीण बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत कामावर गेली होती आणि रोज गाडीत बसून रडायची. मला तर काम करायचीच परवानगी नव्हती. मी त्या बाईकडे बघतच राहिले.

"वर्ष संपल्यावर?" काकूंनी तिला विचारलं.

"तेच तर," ती म्हणाली. "वर्ष संपलं की पुढे काय, ते कुणालाच माहीत नाही."

तिनं काकूंच्या फोटोची प्रचाराची पाटी आपल्या अंगणात रोवायला परवानगी दिली.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा काकूंच्या घराचे पडदे दुपारी लावलेले होते. त्यांच्या अंगणातली पाटी कुणीतरी सुरीनं उभी चिरली होती. फोटोतल्या तोंडावरून. फोनही सुरू झाले होते. आधी नुसती शांतता. मग एक पुरुषाचा आवाज, अगदी सावकाश, आमच्या मुलांना काय शिकवायचं ते तू सांगणार का, परत जा, आणि मग त्यांच्या रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर. काकूंनी अनोळखी नंबरचे फोन घेणं बंद केलं होतं. धाकटी मुलगी तिथेच होती. आता मोठी, दवाखान्यात रिसेप्शनिस्ट.

"मावशी, तुम्ही तरी सांगा हिला," ती मला म्हणाली. मी तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेन. मग आईकडे वळून इंग्रजीत बोलली. सोडून दे, आई. माझ्या बोटांसाठी करत असशील तर मला नकोय.

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुझ्यासाठी नाही करत," त्या मराठीत म्हणाल्या. "तुझं व्हायचं ते झालं."

त्या दिवशीही आम्ही दारं वाजवली, पण काकू आता प्रत्येक पुरुषाचा आवाज कान देऊन ऐकायच्या. दार लागल्यावर मला हळूच म्हणायच्या, "हा नव्हे." आणि आम्ही पुढच्या घरी जायचो. कुठल्या दाराआड तो असेल हे आम्हाला कळायचा मार्ग नव्हता. कदाचित त्यानंही हसून पत्रक घेतलं असेल.

संध्याकाळी परतताना उरलेली पत्रकं माझ्याच गाडीच्या डिकीत राहिली. माझ्या ते लक्षातच आलं नाही. बोगद्यातून बाहेर आल्यावर खिडकीतल्या ऑफिसरनं पासपोर्ट घेतला, उलटसुलट केला, आणि म्हणाला, स्टॅम्प संपलाय. मी पांढरं कार्ड दाखवलं. पाठ केलेला नियम सांगायला लागले. तो मला थांबवत म्हणाला, डिकी उघडा.

मग मला आत एका हॉलमध्ये बसवलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर टीव्ही, आवाज बंद. पासपोर्ट त्यांच्याकडे. माझ्यासमोर एक म्हातारा अरब गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून बसला होता. फोन वापरायला मनाई होती. घरी कळवता येत नव्हतं. मला बाथरूमला जायचं होतं, पण तेवढ्यात नाव पुकारलं तर, म्हणून मी उठले नाही. पोटावर हात ठेवायचा नाही असं मी का कोण जाणे ठरवलं. हात पर्सवर ठेवून बसले.

शेवटी काउंटरवर बोलावलं. पन्नाशीचा ऑफिसर होता. पुढ्यात काकूंचं पत्रक.

"ह्या कोण?"

"माझ्या ओळखीच्या आहेत."

"यांच्यासाठी तुम्ही काम करता?"

"नाही. मदत करते."

"पैसे कोण देतं?"

"कुणी नाही."

"मग परक्या देशाच्या निवडणुकीत तुम्ही कशाला?"

वर्गात हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी तासभर बोलले असते. तिथे माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "त्यांना एकटीनं दारं वाजवायची भीती वाटते."

त्यानं पत्रकावरचा नंबर फिरवला. रिसीव्हर त्याच्या कानाशी होता तरी पलीकडची रिंग मला ऐकू येत होती. वाजत राहिली. त्यानं परत फिरवला. परत तेच.

"उचलत नाहीत," तो म्हणाला.

"अनोळखी नंबर असला की त्या उचलत नाहीत."

"का?"

"त्यांना धमक्या येतात."

त्यानं पेन खाली ठेवलं. "कसल्या धमक्या?"

नको ते बोलून बसले होते. धमक्या म्हटल्यावर हे आता कुठे जाईल, कुठल्या यादीत जाईल, नवऱ्याच्या ऑफिसात कुणाला फोन जाईल, काही सांगता येत नव्हतं. मी जमेल तेवढं सांगितलं. फाडलेली पाटी, फोन, घराचा नंबर. तो ऐकून घेत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं. मग तो पासपोर्ट घेऊन आत गेला.

किती वेळ गेला मला खरंच सांगता येणार नाही. खिडकीबाहेर अंधारायला लागलं होतं. म्हाताऱ्या गृहस्थाला नेलं, तो परत आलेला मी पाहिला नाही. मनात मी ट्रॉयचं घर आवरत होते. कुकर कुणाला द्यायचा, पुस्तकं पाठवायची की टाकायची, नागपूरला आईला काय सांगायचं.

ऑफिसर आला. पासपोर्ट काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "जा." बस, तेवढंच. का अडवलं, का सोडलं, परत आले तर काय होईल, काही नाही. पत्रकं मला परत मिळाली नाहीत आणि मी मागितली नाहीत. गाडी चालू करून पहिल्या पेट्रोल पंपावर थांबले आणि बाथरूमकडे धावले.

नवरा पार्किंग लॉटमध्ये उभा होता, जॅकेटशिवाय. मी गाडीतून उतरल्यावर त्यानं माझे दोन्ही दंड धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मी सगळं सांगितलं.

"आता बास ना?" तो म्हणाला.

"एकच शनिवार राहिलाय."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. मला वाटलं आता हा बोलेल, आणि बोलला असता तर त्याचं चुकलं नसतं. त्याचाही स्टॅम्प संपलेला होता. त्याच्याच नोकरीवर आम्ही तिघं उभे होतो.

"मग मी येतो," तो म्हणाला. "अडवलं तर दोघांना अडवतील. इथे खिडकीशी उभं राहणं मला जमत नाही यार."

शेवटच्या शनिवारी त्यानं गाडी चालवली. मी घरूनच गाडीचा कानाकोपरा तपासला होता.

थंडी पडली होती. काकू, मी आणि मागून नवरा, असे आम्ही एका लांब सरळ रस्त्यानं चाललो होतो. मध्येच माझ्या लक्षात आलं की एक करडा पिकअप ट्रक आमच्या चालीनं मागून येतोय. आम्ही थांबलो की थांबतोय. काकूंनी माझी बाही पकडली. "मागं बघू नको," त्या म्हणाल्या. नवरा जवळ सरकला. अंगणात आमची पाटी असलेल्या पुढच्या घराच्या वाटेवर वळलो तेव्हा ट्रक बरोबरीला आला, काच खाली झाली आणि कॉफीचा भरलेला कप काकूंच्या पाठीवर येऊन फुटला. आतला माणूस सावकाश काहीतरी बोलला. मला शब्द कळले नाहीत. काकूंना कळले. त्यांनी तो आवाज ओळखला हे त्यांच्या हाताच्या पकडीवरून मला समजलं.

ट्रक तिथेच उभा राहिला. इंजिन चालू. पळायला जागा नव्हती. नवरा आमच्या आणि ट्रकच्या मध्ये येऊन उभा राहिला. त्याचे हात खिशात होते. आणि काकूंनी, पाठीवरून कॉफी गळत असताना, समोरच्या दाराची बेल वाजवली.

दार उघडलं ते त्या बँकेतल्या बाईनं. कडेवर तेच बाळ. ती खिडकीतून सगळं बघत होती. तिनं आम्हा तिघांना आत ओढलं, दाराला कडी घातली, आणि ट्रकचा नंबर मोठ्यानं म्हणत पोलिसांना फोन लावला. ट्रक निघून गेला. बाळ रडायला लागलं. काकू तिच्या पायपुसण्यावर उभ्या होत्या. "तुमचा गालिचा खराब होईल," असं म्हणत पुढे यायला तयार नव्हत्या.

पोलीस आले, त्यांनी लिहून घेतलं, सौजन्यानं वागले. त्या माणसाला समज दिल्याचं पुढे काकूंना कळलं. तो त्यांच्याच वस्तीत चार गल्ल्या सोडून राहणारा निघाला. तीन मुलांचा बाप. काकू म्हणाल्या, हे कळलं नसतं तर बरं झालं असतं.

परतताना आम्हाला कुणी अडवलं नाही. पासपोर्ट बघितले, पुढे व्हा म्हणाले. तरी घरी पोचेपर्यंत आम्ही दोघंही मागच्या आरशात बघत होतो.

निवडणुकीच्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. बोर्डावर बऱ्याच जागा होत्या, त्यातली शेवटची त्यांना मिळाली होती. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता.

"काकू, अभिनंदन."

"हो गं," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू का? हरले असते तर पडदे उघडून बसले असते. आता चार वाजता मीटिंग, आठ वाजता पार्किंगमधून एकटीनं गाडीपर्यंत जायचं. जिंकल्यापासून जास्त भीती वाटतेय."

त्या मीटिंगना जात राहिल्या, भीती घेऊनच. प्रत्येक मीटिंगला धाकटी त्यांना आणायला जायची, मीटिंग संपायच्या आधीच दाराशी गाडी लावून. बालवाडी पूर्ण दिवसाची व्हायला त्यांच्या पुढची पुष्कळ वर्षं आणि पुष्कळ माणसं लागली. पण त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत वस्तीतल्या दोन शाळांमध्ये संध्याकाळपर्यंत मुलं सांभाळायची सोय सुरू झाली. मी एकदा ती बघायला गेले होते. शाळेतल्या खेळाच्या हॉलच्या फरशीवर मुलं रंगवत बसली होती आणि एक बाई कारखान्याच्या बुटांनिशी धावत आली, घड्याळाकडे बघत, आणि वेळेत पोचलीय हे कळल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली.

आमची मुलगी पुढच्या वसंतात मिशिगनमध्ये जन्मली. नवऱ्याचा एक प्रोजेक्ट गेला, दुसरा मिळाला, मधले महिने कसे गेले ते आठवायलाही नको वाटतं. दोन हजार आठ साली आमचं ग्रीन कार्ड आलं आणि मला कम्युनिटी कॉलेजात शिकवायचं काम मिळालं. त्याच सुमारास मुलगी शाळेत जायला लागायची होती. आमच्या इथेही किंडरगार्टन अर्धाच दिवस.

आमच्या भागातल्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगला कुणाही रहिवाशाला उठून बोलता येतं. मतदानाचा हक्क नसला तरी. मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं आणि मागच्या रांगेत बसले. शेजारी नवरा, मांडीवर मुलगी. "ममा, आर यू स्केअर्ड?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. माझं नाव पुकारलं, चुकीच्या उच्चारानं. मी माइकपाशी गेले. समोर बोर्डाचे सदस्य, मागे अनोळखी माणसांनी भरलेल्या रांगा. त्यांच्यातलं कोण मनात काय धरून बसलंय हे पाठमोरं उभं राहून कळत नाही. मी माझा पत्ता सांगितला, कारण तसा नियम होता. तो सांगताना काकूंना आलेले ते फोन आठवले. मग मी बोलायला सुरुवात केली.

पहिली दोन वाक्यं मलाच ऐकू आली नाहीत. तिसऱ्याला टेबलामागच्या एका बाईनं मला माइक जवळ घ्यायची खूण केली. मी घेतला. किंडरगार्टन पूर्ण दिवसाचं का हवं ते सांगितलं आणि जागेवर आले. पुढचं नाव पुकारलं गेलं होतं. नर्सच्या गणवेशातली एक बाई उठून माइककडे निघाली होती.